जुन्या फ्रेंचमधलं ‘कोन्व्हेर्सेर’: राहणं की मिसळणं, आणि मराठीत काय लिहावं

तुमचा प्रश्न असा आहे. १२व्या शतकातल्या मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या ‘बिस्क्लाव्हरे’ या कथाकाव्याचा तुम्ही मराठीत अनुवाद करताय आणि बाराव्या ओळीवर अडलात. माणसाचा लांडगा होतो, त्या प्राण्याबद्दल कवयित्री तिथे म्हणते, ‘एस ग्रांत्स फोरेत्स कोन्व्हेर्स ए व्हैत’. ‘एस ग्रांत्स फोरेत्स’ म्हणजे मोठमोठ्या रानांत आणि ‘व्हैत’ म्हणजे जातो, फिरतो, इथवर ठीक. पण ‘कोन्व्हेर्स’ हे ज्या क्रियापदाचं रूप आहे, त्याचा आजच्या फ्रेंच कोशातला अर्थ ‘संभाषण करणे’. एका इंग्रजी अनुवादात तुम्हाला ‘राहतो’ दिसलं, दुसऱ्यात ‘भटकतो’, आणि एका शब्दसूचीत चक्क ‘सहवास ठेवणे’. म्हणून तुम्ही विचारलंय की ही वेगवेगळी क्रियापदं आहेत की एकच, त्यात बोलण्याचा अर्थ त्या काळी होता का, आणि मराठीत नेमकं काय लिहायचं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: या ओळीत ‘वावरतो’ लिहा. एवढ्यावर तुमचं काम भागेल, पण पुढच्या पानांवर हेच क्रियापद पुन्हा भेटलं की पुन्हा अडाल. म्हणून कारणही सांगते.

तुम्हाला अर्थ सापडत नाही असं नाही, उलट हवे त्यापेक्षा जास्त सापडलेत. कोशकार अर्थांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतात. ती त्यांची सोय असते, पण वाचणाऱ्याला वाटतं की त्यातला एक उचलायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. मध्ययुगीन फ्रेंच शिकवताना मला विद्यार्थ्यांची हीच सवय सर्वांत आधी सोडवावी लागते. १२व्या शतकात हे काव्य ऐकणाऱ्या माणसापुढे अशी निवड नव्हती. त्याच्यासाठी ‘कोन्व्हेर्सेर’ म्हणजे एखाद्या जागी किंवा कुणाच्या तरी सोबतीत आपलं रोजचं जगणं जगणं. जागेकडे बघितलं की आपण त्याला ‘राहणं’ म्हणतो आणि माणसांकडे बघितलं की ‘मिसळणं’. क्रियापद मात्र एकच.

हे कुठून आलं ते पाहू. लॅटिनमध्ये ‘व्हेर्तेरे’ म्हणजे वळणं, वळवणं. त्यावरून ‘व्हेर्सारी’, म्हणजे एखाद्या ठिकाणी पुन्हा पुन्हा वळत राहणं, तिथे हालचाल करत असणं, तिथे असणं. त्याला ‘सोबत’ सांगणारा ‘कोन’ हा उपसर्ग लागून ‘कोन्व्हेर्सारी’ झालं. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको, कारण लॅटिन ‘व्हेर्तेरे’ आणि संस्कृत ‘वृत्’ हे एकाच मूळ धातूतून आलेले आहेत. ‘वृत्’चा मूळ अर्थही वळणं, फिरणंच, आणि त्यातून आपल्याकडे ‘वर्तते’, ‘वर्तन’, ‘वर्तमान’ आले. फिरण्यातून असणं आणि असण्यातून वागणं, अशी अर्थाची वाट दोन्हीकडे सापडते.

आता जुनं फ्रेंच. ‘कोन्व्हेर्सेर’ फ्रेंचमध्ये खूप लवकर भेटतं, ‘संत अलेक्सीचं चरित्र’ या ११व्या शतकातल्या काव्यात. पाच ओळींचं एक, अशी १२५ कडवी आहेत, आणि त्याची सर्वांत महत्त्वाची प्रत इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या मठात तयार झालेल्या स्तोत्रग्रंथात आहे. तो ग्रंथ आज जर्मनीत हिल्डेसहाइमला आहे. कथा थोडक्यात सांगते, कारण क्रियापद समजायला ती लागते. रोममधल्या श्रीमंत घरातला एकुलता एक मुलगा लग्नाच्या रात्रीच घर सोडतो. दूर एका शहरात १७ वर्षं भिकाऱ्यासारखा राहतो. मग नशीब त्याला परत रोमला आणतं. बाप त्याला ओळखत नाही, पण दयेनं घरातल्या जिन्याखाली जागा देतो. तिथे तो आणखी १७ वर्षं काढतो. आई, बाप, बायको रोज डोळ्यांसमोरून जातात, कुणाला कळत नाही. नोकर त्याच्या डोक्यावर धुणवणी ओततात.

त्या जिन्याबद्दल कवी म्हणतो, ‘इलोक कोन्व्हेर्सेत एइसी दीस ए सेत आंत्स’. तिथे तो असा १७ वर्षं ‘कोन्व्हेर्सेत’. लगेच पुढची ओळ सांगते की त्याच्या आप्तांपैकी कुणीही त्याला ओळखलं नाही. या दोन ओळी शेजारी ठेवून वाचा. पहिलीत जागा आहे, तिथे, जिन्याखाली. म्हणून कोश इथे ‘राहणे’ हा अर्थ देतात आणि ते बरोबरच आहे. पण कवीला नुसता पत्ता सांगायचा असता तर ‘राहणे’ या अर्थाची दुसरी क्रियापदं त्याच्याकडे होती. इथे सारा जीव आहे तो आपल्या माणसांच्यात असूनही परका राहण्यात. ते ‘च्यात’ या क्रियापदात आधीच आहे, आणि पुढची ओळ त्याच्यावरच आघात करते. त्याच्या जरा आधी, त्याच जिन्याबद्दल, ‘ऊ इल जिस्त ए कोन्व्हेर्सेत’ असं येतं: जिथे तो पडून असतो आणि ‘कोन्व्हेर्सेत’. नुसतं पडून असणं वेगळं आणि जगणं वेगळं, म्हणून कवीनं दोन क्रियापदं जोडली. ही जोडी लक्षात ठेवा, तुमच्या ओळीतही तशीच आहे.

रूपाबद्दलही सांगते, कारण विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. ‘कोन्व्हेर्सेत’ हा भूतकाळ नाही. शेवटचा ‘एत’ आघाताविना उच्चारायचा, आघात ‘व्हेर्’वर. ओळ दहा अवयवांची, म्हणजे उच्चाराच्या दहा तुकड्यांची आहे, चार आणि सहा अशी तुटते, आणि हा आघातहीन तुकडा यतीच्या, म्हणजे मधल्या विरामाच्या, जागी मोजणीबाहेर राहतो. म्हणजे १७ वर्षांची गोष्ट कवी वर्तमानकाळात सांगतोय. मराठीत आपल्याला हे अजिबात जड जात नाही, कीर्तनकार रोज तसंच सांगतात: तिथे तो असा १७ वर्षं राहतो.

आता तुमच्या ओळीकडे. ती एकटी वाचू नका, पाचव्या ओळीपासून वाचा. मारी सांगते की हा प्रकार पूर्वी ऐकायला मिळायचा, बऱ्याचदा घडायचाही: अनेक माणसं लांडगा-माणूस बनली, ‘ए एस बोस्काजेस मैझून तींद्रेंत’. म्हणजे त्यांनी रानात घर केलं, संसार मांडला म्हणा. ही आठवी ओळ. मग नवव्या ओळीत ती वळते आणि प्राण्याची व्याख्या देते: गारवाल्फ (लांडगा-माणसाचं नॉर्मन नाव) हे रानटी जनावर आहे, त्या पिसाटलेपणात असतो तोवर माणसं फाडून खातो, मोठा अनर्थ करतो, मोठ्या रानांत ‘कोन्व्हेर्स ए व्हैत’.

चार ओळींच्या आत राहण्याच्या दोन तऱ्हा आल्या. माणसांबद्दल बोलताना ‘घर’ हा शब्द आहे, जनावराबद्दल बोलताना घर नाही. माझ्या मते हा योगायोग नाही. जी अजून माणसं होती त्यांनी रानात घर केलं; जे जनावर झालं ते रानात फक्त असतं, फिरतं, त्याचा दिवस तिथे जातो. म्हणून इथे ‘राहतो’ लिहिलं तर अर्थ चुकत नाही, पण आठव्या आणि बाराव्या ओळीतला फरक पुसला जातो. ‘भटकतो’ लिहिलं तर ‘व्हैत’चा अर्थ दोनदा येतो आणि ‘कोन्व्हेर्स’चा एकदाही येत नाही. भटकणाऱ्याला ठिकाण नसतं. याला आहे, रान हेच त्याचं ठिकाण. ‘वावरतो’मध्ये ठिकाणही आहे आणि हालचालही, आणि घर मात्र नाही.

दुसरं कारण कथेच्या पुढच्या भागात आहे. बायको कपडे लपवायला लावते, त्यांच्याशिवाय नायकाला माणूस होता येत नाही, राजा शिकारीला येतो आणि हा लांडगा त्याच्या पायाशी दया मागतो. राजा त्याला दरबारी नेतो. तिथे तो रोज सरदारांच्या मध्ये, राजाच्या जवळ झोपतो. सगळे त्याला जपतात. तिथे ‘कोन्व्हेर्सेर’ हे क्रियापद वापरलेलं नाही, पण ते ज्या दोन गोष्टी सांगू शकतं त्या दोन्ही कथेत घडतात: आधी रानात असणं, मग माणसांत असणं. मराठी अनुवादात बाराव्या ओळीत ‘वावरतो’ आलं, की दरबाराच्या प्रसंगात ‘सरदारांत वावरू लागला’ असं म्हणायची सोय तुमच्याकडे राहते. ते म्हणावं की नाही हे तुमचं, कारण मूळात तसा शब्द नाही. मी स्वतः म्हणणार नाही, पण वाचकाच्या कानात पहिला ‘वावरतो’ राहिलेला असेल एवढं मला पुरेसं वाटतं.

आता माणसांच्या बाजूचा अर्थ. तो मुख्यतः चर्चच्या लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचं वजन फार मोठं आहे. लॅटिन बायबलमध्ये बारूखच्या ग्रंथात (३:३८) एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा: यानंतर तो पृथ्वीवर दिसला आणि माणसांत वावरला. ख्रिस्ती परंपरेनं हे वाक्य देवाच्या माणूस होण्याशी जोडलं, त्यामुळे प्रवचनांत ते सतत यायचं. तिथलं लॅटिन क्रियापद हेच, ‘कोन्व्हेर्सारी’, आणि सोबत ‘कुम’ म्हणजे ‘बरोबर’. हे वाक्य कानावर पडत वाढलेल्या धर्मपंडितानं फ्रेंच लिहायला घेतलं की ‘कोन्व्हेर्सेर’ त्याच्या हातात तयारच असे. म्हणून संतचरित्रं, प्रवचनं, धर्मग्रंथांचे अनुवाद यांत हे क्रियापद माणसांच्या संदर्भात जास्त दिसेल.

याचंच नाम ‘कोन्व्हेर्सासिओन’. ते म्हणजे जगण्याची रीत, वर्तन. फिलिप्पैकरांस पत्रात (३:२०) पौल म्हणतो, आमची ‘कोन्व्हेर्सातिओ’ स्वर्गात आहे. मूळ ग्रीक शब्द नागरिकत्वाचा आहे आणि मराठी बायबल तेच लिहितं. पण इंग्रजीच्या १६११ च्या अनुवादात तिथे आज ‘गप्पा’ असा अर्थ झालेला तो शब्दच बसलाय, आणि आजचा इंग्रजी वाचक तिथे ठेचकाळतो. बेनेडिक्टच्या मठनियमात नवशिक्या साधूला ज्या गोष्टींचं वचन द्यावं लागतं त्यांतही हा शब्द आहे: मठ न सोडणं, आज्ञापालन आणि ‘कोन्व्हेर्सातिओ मोरुम’, म्हणजे साधुजीवनाच्या रीतीनं राहणं. आणि मठाबाहेर, न्यायालयाच्या भाषेत, १४व्या-१५व्या शतकातल्या फ्रान्समध्ये राजाकडे माफी मागणाऱ्या गुन्हेगाराबद्दल ठरावीक वाक्य लिहिलं जायचं की हा माणूस चांगल्या आयुष्याचा, चांगल्या नावाचा आणि ‘ओनेस्त कोन्व्हेर्सासिओन’चा आहे. तिथे ‘प्रामाणिक बोलण्याचा’ असं केलेलं भाषांतर मी पाहिलंय. ते चूक आहे. ‘सद्वर्तनी’ हा सरळ शब्द आपल्याकडे आहे, आणि तो ‘वृत्’चाच.

सहवासाचा अर्थ शरीरसंबंधापर्यंतही जातो. पण त्यासाठी मध्ययुगाच्या उत्तरकाळात बहुधा ‘शारीरिक’ असं विशेषण सोबत लावलेलं असतं. ते नसेल तर तो अर्थ घाईनं काढू नका. इंग्लंडच्या कायद्यात दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवल्याबद्दल नवऱ्यानं भरपाई मागायच्या दाव्याचं नाव याच शब्दावरून होतं आणि तो दावा १८५७ पर्यंत चालला. जुना अर्थ कायद्याच्या भाषेत किती उशिरापर्यंत तग धरतो त्याचं हे उदाहरण.

इथे एक सावधगिरी. मठांच्या संदर्भात ‘कोन्व्हेर्स’ असं नाम किंवा विशेषण भेटलं तर ते बहुधा आपल्या क्रियापदाचं रूप नसतं. सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुपंथाच्या मठांत शेती आणि कामधंदा बघणारे, पूर्ण दीक्षा न घेतलेले जे बंधू असत त्यांना हा शब्द होता, आणि तो ‘वळलेला’ या लॅटिन रूपावरून आला. मूळ घराणं एक, पण फांदी दुसरी.

मग बोलण्याचा अर्थ कधी आला? तुमच्या काव्यासाठी उत्तर स्पष्ट आहे: १२व्या शतकात तो धरू नका. माणसांत मिसळलं की बोलणं होतंच, त्यामुळे बोलण्याची छटा सहवासाच्या अर्थात दडलेली असू शकते, पण क्रियापद ते सांगत नाही. ती छटा हळूहळू पुढे आली, आणि १५व्या-१६व्या शतकात अशी वाक्यं भेटतात जिथे सहवास आणि बोलणं वेगळं काढणं अवघड होतं. तिथे मी दोन्ही सामावतील असा मराठी शब्द शोधते, ‘ऊठबस’ किंवा ‘मेळमिलाप’ यांसारखा. एक खूण उपयोगी पडते. मोंतेन्य या फ्रेंच निबंधकारानं १५८८ मध्ये परस्परांशी चर्चा करण्याच्या कलेवर निबंध छापला, पण त्याच्या शीर्षकात त्यानं ‘कोन्फेरे’ हे क्रियापद वापरलं; आज त्या निबंधाचं नाव अनुवादात सर्रास ‘संभाषणकला’ असं होतं. आणि १६८० मध्ये माद्लेन द स्क्युदेरी या लेखिकेनं ‘कोन्व्हेर्सासिओं’ याच नावानं निरनिराळ्या विषयांवरचे संवाद प्रसिद्ध केले. या दोन तारखांमधल्या शंभरेक वर्षांत, पॅरिसच्या दिवाणखान्यांत, लोकांत ऊठबस असणं म्हणजे प्रामुख्यानं चांगलं बोलणं असं होत गेलं आणि शब्द त्यामागे गेला.

आपल्याकडे ‘वार्ता’चं असंच झालंय, तेही याच धातूच्या घरात. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार, चरितार्थाचा उद्योग. आज वार्ता म्हणजे बातमी आणि ‘वार्तालाप’ म्हणजे बोलणं. जगण्याचा शब्द बोलण्याकडे सरकला. मला हे साम्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण मराठी वाचकाला या फ्रेंच शब्दाचा प्रवास समजावायला बाहेरचा आधार शोधावा लागत नाही.

आतापर्यंतचं एकत्र करते. मूळ अर्थ एक: कुठेतरी किंवा कुणात तरी आपलं जगणं जगणं. सोबत ‘एन’, ‘इलोक’, ‘सोझ’ म्हणजे आत, तिथे, खाली, असे जागेचे शब्द असतील तर राहणं पुढे येतं. ‘ओ’, ‘आव्हेक’, ‘आंत्र’ म्हणजे बरोबर, मध्ये, असे माणसांचे शब्द असतील तर मिसळणं. कर्ता जनावर असेल तर वावरणं. नाम असेल तर बहुधा वर्तन. बोलणं १७व्या शतकाआधी शेवटचा पर्याय म्हणून धरायचं.

हे सगळं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे हेही मान्य करायला हवं. लेखक धर्मपंडित आहे की दरबारी कवी, संहिता पद्य आहे की कायद्याचा कागद, लॅटिनवरून केलेली आहे की नाही, यावर वजन बदलतं. पद्यात यमकासाठीही शब्द येतो. तुमच्या ओळीत यमक ‘फैत’ आणि ‘व्हैत’चं आहे, म्हणजे यमकानं ‘व्हैत’ला शेवटी आणलं, ‘कोन्व्हेर्स’ यमकामुळे आलेलं नाही, मारीनं ते निवडलं. म्हणून मी त्याला इतका मान देतेय.

शेजारची क्रियापदंही पाहून ठेवा, कारण एखादा शब्द काय आहे ते तो काय नाही यावरूनही कळतं. ‘मानेइर’ किंवा ‘मैंद्र’ हे नुसतं वस्ती असण्याचं क्रियापद. ‘रोलांचं गाणं’ या जुन्या फ्रेंच वीरकाव्यात एका काळ्या, सूर्य न उगवणाऱ्या, पाऊस न पडणाऱ्या प्रदेशाचं वर्णन आहे आणि शेवटी म्हटलंय की काही जण सांगतात, तिथे सैतान ‘मैंग्नेंत’. वस्ती आहे, बस्स. सैतान कुणात मिसळतात का हा प्रश्नच नाही. तिथे मी ‘सैतानांचा वास आहे’ लिहीन. ‘देमोरेर’ मुळात उशीर करणं, खोळंबणं. राहणं हा अर्थ त्यातून आला, म्हणून जुन्या संहितेत ते दिसलं की आधी ‘थांबला, रेंगाळला’ लावून बघा. ‘अबितेर’ पुस्तकी, लॅटिनचा वास असलेलं. त्याला ‘वास्तव्य करणे’ जुळतं. ‘रेपैरिएर’ म्हणजे आपल्या ठिकाणी परत येणं, तिथे पुन्हा पुन्हा येणं. आणि ‘हांतेर’ हे नॉर्मनांबरोबर उत्तरेकडून आलेलं, त्याचा अर्थ नेहमी ये-जा असणं, एखाद्या जागेशी किंवा माणसाशी घसट असणं. आज फ्रेंचमध्ये ते भुतांनी पछाडलेल्या घरांसाठी वापरतात, पण भुतं त्यात बऱ्याच नंतर शिरली. ‘कोन्व्हेर्सेर’ला सर्वांत जवळचं हेच. फरक असा की ‘हांतेर’मध्ये माणूस येतो आणि जातो, ‘कोन्व्हेर्सेर’मध्ये तो असतो.

शोधायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नातली अर्धी अडचण तिथून आली. आजच्या फ्रेंचच्या कोशात जुना शब्द बघू नका. जुन्या फ्रेंचसाठी गोदफ्रुआचा १८८१ ते १९०२ मधला दहा खंडांचा कोश आहे, पण त्याची रचना समजून घ्या: मुख्य भागात त्यानं लुप्त झालेले शब्द आणि अर्थ घातले, आणि जे आजही चालतात ते शेवटच्या पुरवणी खंडांत. ‘कोन्व्हेर्सेर’सारखा शब्द, ज्याचा जुना अर्थ गेला पण शब्द राहिला, दोन्हीकडे बघावा लागतो, एकाच जागी पाहून पुष्कळ जण थांबतात. जर्मन येत असेल तर टोब्लर आणि लोमात्शचा कोश त्याहून विश्वासाचा, उदाहरणं भरपूर. १३३० ते १५०० या काळासाठी फ्रान्समधल्या नान्सीहून चालणारा मध्य-फ्रेंच कोश जालावर मोफत आहे. आणि मारीची सर्वांत प्रसिद्ध प्रत इंग्लंडमध्ये लिहिली गेली, म्हणून अँग्लो-नॉर्मन कोश, म्हणजे इंग्लंडमधल्या मध्ययुगीन फ्रेंचचा कोश, तुमच्यासाठी आवश्यकच. तोही मोफत आहे. तिथे शब्द ‘कुन्व्हेर्सेर’ असाही शोधा, कारण इंग्लंडमधले लेखनिक ‘ओ’च्या जागी बऱ्याचदा ‘उ’ लिहीत.

हस्तलिखिताची छायाचित्रं पाहणार असाल तर आणखी एक गोष्ट. ‘कोन’ हा उपसर्ग लेखनिक पुष्कळदा पूर्ण लिहीत नाहीत. इंग्रजी 9 च्या आकड्यासारखी एक खूण करतात. ‘व्ह’ आणि ‘उ’ला अक्षर एकच. त्यामुळे हा शब्द डोळ्यांना ओळखू येत नाही आणि वाचक ओळ सोडून पुढे जातो.

माझ्या हातून त्या चार ओळी अशा उतरतील:

गारवाल्फ हे रानटी जनावर;
ते पिसाटलेपण अंगात असेतो
माणसं फाडून खातं, अनर्थ करतं,
घनदाट रानांत वावरतं, फिरतं.

‘मोठ्या रानांत’ऐवजी ‘घनदाट’ केलंय ते लयीसाठी. तुम्ही गद्यात करत असाल तर ‘मोठमोठ्या’च ठेवा. आणि आठव्या ओळीत ‘रानात घर केलं’ हे शब्दशः राहू द्या, तिथे ‘राहू लागले’ करून ते पातळ करू नका. ओळीखाली तळटीप देण्याची गरज मला वाटत नाही, ‘वावरतं’ वाचून मराठी वाचक कुठेच अडणार नाही. पण अनुवादाला प्रस्तावना लिहिणार असाल तर या क्रियापदावर एक परिच्छेद जरूर घाला. फ्रेंच जाणणारा वाचक मूळ ओळ शेजारी ठेवून बघेल आणि त्याला तुमच्यासारखाच प्रश्न पडेल. त्या परिच्छेदात अलेक्सीचा जिना आणि हे रान, एवढी दोन उदाहरणं पुरतील.

बाकी कथाकाव्यांतली किंवा एखाद्या संतचरित्रातली ओळ अडली तर पुढच्या वेळी आधीच्या आणि नंतरच्या चार ओळींसकट लिहून पाठवा. संतचरित्र असेल तर ते ज्या लॅटिन चरित्रावरून केलंय त्यातलं वाक्यही शोधून ठेवा. तिथे ‘कोन्व्हेर्सारी’ आहे की ‘मानेरे’ आहे की ‘हाबितारे’, हे पाहिलं की निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो, आणि लॅटिनमध्ये वेगळं क्रियापद असूनही फ्रेंच कवीनं ‘कोन्व्हेर्सेर’ निवडलं असेल, तर ती जागा आणखी सावकाश वाचण्यासारखी असते.